दुरुस्तीची नोंद



बँकेत ३४ वर्षं काढली. तिथे एक शिस्त अंगात मुरली. नोंद चुकली, तर ती खरवडायची नाही, वर शाई ओतून झाकायचीही नाही. खाली नवी ओळ घालायची, दुरुस्तीची नोंद लिहायची आणि सही करायची. आजचा लेख तशीच एक नोंद आहे.

गेल्या दिवाळी अंकात याच सदरात मी माझ्या भावाच्या नातीचं कौतुक केलं होतं, ते काहींना आठवत असेल. शहाद्याची मुलगी, इथल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला. घरी धाकट्या दोघांची ताई, म्हणून आम्ही सगळे तिला ताईच म्हणतो. 'परगावी शिकणारी मुलगी महिना ६,१०० रुपयांत कशी राहते' असं मी लिहिलं आणि तिच्या हिशेबाच्या वहीतले आकडे ओळीने दिले. खोली ३,८०० (तिघींत एक). डबा १,४००. झेरॉक्स, रिचार्ज, साबण, तेल मिळून ९००. रिक्षाखर्च शून्य, कारण ती चालत जाते. लेख आवडल्याचे बरेच फोन आले. मांजलपूरच्या एका बाईंनी तर आपल्या मुलाला तो मोठ्याने वाचून दाखवला. त्यांच्या मुलाची मी आज सर्वांत आधी क्षमा मागते.

कारण ते आकडे खोटे होते. लिहिणारी खोटी नव्हती. आकडे मात्र खोटे होते, आणि ते तसे लिहिले जावेत याची व्यवस्था मीच केली होती.

सुरुवातीपासून सांगते. ताईच्या वडिलांचं, म्हणजे माझ्या पुतण्याचं, शहाद्यात किराणा दुकान आहे. दुकान चालतं, पण तीन मुलांची शिक्षणं त्यातून निघतील असं नाही. ताईला भौतिकशास्त्र शिकायचं होतं. तिला इथे आणायचा हट्ट माझा. पुतण्याला फोनवर मी आपल्या विद्यापीठाचं पुराणच ऐकवलं. १८८१ चं बडोदा कॉलेज, रॉबर्ट चिझम यांनी आखलेली ती घुमटाची इमारत, १८९० चं कलाभवन, १९४९ साली झालेलं विद्यापीठ आणि त्याच्या पहिल्या कुलगुरू हंसाबेन मेहता. शिकवण्याचं माध्यम इंग्रजी, म्हणजे गुजराती येत नाही ही अडचण वर्गात तरी येणार नाही. वेंकटरामन रामकृष्णन यांनी १९७१ साली इथूनच भौतिकशास्त्रात बी.एस्सी. केलं आणि २००९ साली त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, हेही ऐकवलं. पुतण्या सगळं ऐकून म्हणाला, "आत्या, ते ठीक आहे. पण महिन्याला किती लागतील ते सांग."

प्रश्न बरोबर होता. सरकारी विद्यापीठ म्हटलं की आपण फीचा आकडा विचारतो, तो ऐकून हुश्श करतो आणि विषय संपवतो. परगावच्या मुलाच्या खर्चात फी ही सर्वांत लहान रक्कम असते. खरा खर्च राहण्याचा आणि जेवण्याचा. आणि तो दर महिन्याच्या एक तारखेला दारात उभा असतो.

ती माझ्याकडे का राहिली नाही, असं आपल्यातल्या काहींनी तेव्हाही विचारलं होतं. दांडिया बाजारातल्या आमच्या दोन खोल्या आपल्याला माहीत आहेत. ह्यांना पक्षाघात झाल्यापासून रात्रीचा माणूस आतल्या खोलीत असतो. वसतिगृहाचं म्हणाल, तर प्रवेशाच्या धांदलीत तो अर्ज भरायला आम्हीच उशीर केला. प्रवेशाचं जीकॅस पोर्टल, कागदपत्रं, पडताळणी यांत जून गेला. वसतिगृहाचा अर्ज वेगळा असतो, त्याची तारीख वेगळी असते, हे लक्षात आलं तेव्हा तारीख टळून गेली होती. मग फतेहगंजला एका बाईंकडे तिघींत एक अशी खोली मिळाली. पुतण्याने दरमहा ७,५०० पाठवायचं ठरवलं. मी ताईला एक लांबट वही दिली, बँकेत असायची तशी लाल पाठीची. म्हटलं, "दर रविवारी जेवायला ये आणि वही घेऊन ये. पै-पै लिहायची. तुझा बाप तिकडे बारदानावर बसून हे पैसे मिळवतो."

हे शेवटचं वाक्य मी बोलायला नको होतं. पण बोलले, आणि एकदाच नाही, दर रविवारी.

ताई वही आणायची. मी चष्मा लावून तपासायची. पहिल्या महिन्यात खर्च ७,९०० झाला. मी भुवया वर केल्या. दुसऱ्या महिन्यात ७,००० आणि सप्टेंबरात ६,१००. दोन वेळचा डबा २,८०० चा होता, तो तिने एक वेळचा केला. "सकाळी नाश्ता जड होतो, आत्याआजी. एक डबा पुरतो." मी शाबासकी दिली. उरलेले १,४०० ती दर महिन्याला वडिलांना परत पाठवू लागली. पुतण्याचा फोन आला, "आत्या, पोरगी तुझ्या हाताखाली तयार झाली." मी खूश झाले, आणि दिवाळीचा लेख लिहून टाकला.

नोव्हेंबरात एका बुधवारी ह्यांच्या औषधांसाठी कारेलीबागेत गेले होते. दुपारचे साडेतीन. शटल रिक्षाच्या थांब्याजवळ ताई दिसली. हातात एका लहान मुलाचं दप्तर, मागून तो मुलगा. मी हाक मारली तशी दचकली. म्हणाली, "प्रॅक्टिकल लवकर सुटलं. मैत्रिणीच्या भावाला घरी सोडतेय." मी मान डोलावली आणि औषधांच्या रांगेत जाऊन उभी राहिले. बँकेत एखाद्या खातेदाराने इतक्या घाईघाईने खुलासा केला असता, तर मी लगेच त्याचं खातं उघडून बघितलं असतं. घरच्या माणसाचं बघितलं नाही.

जानेवारीत पहिल्या सत्राचा निकाल लागला. गणितात एटीकेटी, रसायनशास्त्रात काठावर, एकूण ४६ टक्के. दहावी-बारावीला वर्गात पहिली येणारी मुलगी. त्या रविवारी ती आली, पानावर बसली आणि वही पुढे केली. वही नेहमीसारखीच नेटकी. मी विचारलं, "दुसरी वही कुठे आहे?"

कसं सुचलं ते माहीत नाही. ३४ वर्षांची सवय असेल. हिशेब फार नेटका असला, की दुसरी वही कुठेतरी असतेच.

ती उठली, पिशवीतून शंभर पानी वही काढली आणि माझ्यासमोर ठेवली. रडली वगैरे नाही. ह्यांना भरवायचं राहिलं होतं, ते काम हातात घेऊन आत गेली. मी वाचत बसले.

ऑगस्टपासून ती कारेलीबागेत दोन मुलांची शिकवणी घेत होती. सोमवार ते शुक्रवार, ३ ते ५. प्रॅक्टिकलची वेळ तीच. आठवड्यातून दोन-तीनदा ती अर्ध्यातून निघायची, एखाद्या दिवशी जायचीच नाही. जर्नल दुसरीचं बघून उतरवायची. शिकवणीचे महिना ३,०००. जायला-यायला शटलचे ४० रुपये, २२ दिवसांचे ८८०. हातात राहायचे २,१२०. चार महिन्यांचे ८,४८०. ते तिने एका पाकिटात घालून ठेवले होते आणि पाकिटावर लिहिलं होतं, 'सत्र २ फी, पुस्तकं. बाबांकडून नको.' जेवणाच्या रकान्यात एकवेळच्या डब्याखाली कितीतरी दिवस एकच शब्द होता : पारले.

रक्कम नव्हती लिहिली. पाच रुपयांचा पुडा काय लिहायचा, असं वाटलं असेल.

मंडळी, मी ती वही मिटली आणि हिशेब करायला बसले. मला दुसरं काही येत नाही.

आधी तिच्या वेळेचा हिशेब. आता सगळीकडे क्रेडिटची पद्धत आली आहे. तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० क्रेडिट, चार वर्षांच्या ऑनर्सला १६०. म्हणजे सहा महिन्यांच्या सत्राला साधारण २०. वर्गातल्या तासांचं एक क्रेडिट म्हणजे सत्रभरात १५ तास, आणि प्रॅक्टिकलचं एक क्रेडिट म्हणजे ३० तास. समजा २० पैकी १४ क्रेडिट वर्गाची आणि ६ प्रॅक्टिकलची. तर २१० आणि १८० मिळून ३९० तास झाले. सत्राचे १५ आठवडे धरले, तर आठवड्याला २६ तास नुसते वर्गात आणि प्रयोगशाळेत बसायचे. घरचा अभ्यास, जर्नल, चाचण्या हे सगळं त्यानंतर. त्यातून इंग्रजीचं ओझं. बारावीपर्यंत पुस्तक इंग्रजी असलं, तरी तिला समजावणारे सर मराठीतून समजावत. इथे पहिले दोन महिने तिला निम्मं समजतच नव्हतं. म्हणजे इतरांना २६ तास लागत होते, तर हिला ३५ लागायला हवे होते. त्याच मुलीच्या वेळेतून आठवड्याचे १० तास शिकवणीला आणि वर रिक्षाचा वेळ गेला. आणि हे सगळं एकवेळच्या डब्यावर.

आता पैशांचा हिशेब. तो जास्त लागला, कारण तो मला आधी करता आला असता.

परराज्यातून आलेल्या मुलांची शिष्यवृत्तीत मोठी ओढाताण होते. आपल्या गुजरातेत मुख्यमंत्री युवा स्वावलंबन योजना आहे. बारावीला ८० पर्सेंटाइल आणि कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला ६ लाखांच्या आत, अशी तिची मुख्य अट. पण ती इथल्या मुलांसाठी. महाराष्ट्राच्या फी-सवलतीच्या योजना मुख्यतः तिथल्या महाविद्यालयांत शिकणाऱ्यांसाठी. शहाद्याची मुलगी बडोद्यात शिकते म्हणजे ती दोन्हीकडून बाहेर. (अनुसूचित जाती-जमातींच्या शिष्यवृत्त्यांचे नियम वेगळे आहेत, त्यांनी आपल्या मूळ राज्याकडे जरूर चौकशी करावी.)

पण केंद्र सरकारची एक योजना सीमा ओलांडून मुलाबरोबर येते. तिला आता पीएम-यूएसपी म्हणतात. बारावीला आपापल्या बोर्डात ८० पर्सेंटाइलच्या वर असलेल्या आणि कुटुंबाचं उत्पन्न ४.५ लाखांच्या आत असलेल्या मुलांना पदवीच्या वर्षांत दरवर्षी १२,००० रुपये मिळतात, पदव्युत्तर वर्षांत २०,०००. निम्म्या जागा मुलींसाठी. अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर करायचा, पैसे थेट आधारला जोडलेल्या खात्यात येतात. ताईचा अर्ज मीच बसून भरला होता. तिचं नाव लागलंही होतं. पैसे मात्र यायचे होते.

या योजनेची एक अट मी तिला सांगितली नव्हती. पुढच्या वर्षी शिष्यवृत्ती चालू राहायला वर्षाच्या परीक्षेत किमान ५० टक्के गुण लागतात आणि किमान ७५ टक्के हजेरी. ताईचे गुण होते ४६ आणि हजेरी ६६. म्हणजे ८,४८० मिळवण्यासाठी पोरीने वर्षाचे १२,००० पणाला लावले होते. ते गेले, तर एका वर्षाचेच जातात असंही नाही.

मग मी खरा महिना मांडला. खोली ३,८००. दोन वेळचा डबा २,८००. दूध-नाश्ता ६००. झेरॉक्स वगैरे ९००. आजारपण आणि घरी जाणं-येणं यांचे सरासरी ५००. एकूण ८,६००. बाप पाठवतो ७,५००. तूट १,१०० ची. कॉलेजचं वर्ष दहा महिन्यांचं धरलं, तर शिष्यवृत्तीचे १२,००० म्हणजे महिन्याला १,२००. तूट भरून १०० रुपये उरतात. इतकं सरळ गणित होतं ते. पोरीला दोन वेळ जेवता येत होतं आणि वर्गातही बसता येत होतं. फक्त ते कुणीतरी आधी कागदावर मांडायला हवं होतं. ज्या बाईला मांडता येत होतं, ती खर्च कमी झाला म्हणून शाबासक्या देत बसली.

आपण बडोदेकर एक गोष्ट अभिमानाने सांगतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर एल्फिन्स्टन कॉलेजात होते, तेव्हा सयाजीराव महाराजांनी त्यांना दरमहा २५ रुपये दिले. पुढे १९१३ साली कोलंबिया विद्यापीठासाठी दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षं. मीही हे भाषणांत सांगत आले आहे. त्या रविवारी पहिल्यांदा माझं लक्ष 'दरमहा' या शब्दाकडे गेलं. नुसती फी भरून मोकळं व्हायचं असतं, तर दरमहा द्यायची गरज नव्हती. दरमहाची रक्कम ही खाण्याराहण्याची रक्कम असते. ती मिळाली की विद्यार्थ्याचा दिवस त्याचा स्वतःचा राहतो. मी नेमकं उलटं केलं. पैसे वाचवायला शिकवलं आणि दिवस घालवला.

ताई ह्यांना भरवून बाहेर आली. मी म्हटलं, "बाबांना फोन लाव."

ती म्हणाली, "तुम्ही सांगा ना."

"वही तुझी आहे."

तिने स्पीकरवर फोन लावला आणि सगळं सांगितलं. गणित राहिलं, शिकवणी घेते, डबा एक वेळचा. पलीकडे दुकानात गिऱ्हाईक होतं, वजनकाट्यावर काही ठेवल्याचा आवाज आला. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग पुतण्या म्हणाला, "मी तुला परत पाठवायला सांगितलं होतं का?"

"नाही बाबा."

"मग? दुकान मी बघतो. तू वर्गात बस." आणि थोडं थांबून, "जेवलीस का आज?"

तेव्हा ती रडली. मी उठून आत गेले. माझीही बोलायची सोय उरली नव्हती.

त्यानंतर जे केलं, ते इतरांच्या उपयोगी पडेल म्हणून लिहिते.

शिकवणी सोडली नाही, हलवली. त्या मुलांच्या आईला मी स्वतः भेटले. भली बाई निघाली. आता तीच दोन मुलं रविवारी सकाळी आमच्या ओट्यावर येतात, दोन तास, निम्म्या पैशांत. कमवायला माझा विरोध नाही. आमच्या पिढीतल्या कितीतरी जणांनी सकाळी पेपर टाकून पदव्या घेतल्या. पण कमाई वर्गाच्या तासांतून येता कामा नये.

पाकिटातले ८,४८० आम्ही मोडले. दुसरा डबा सुरू केला. ताईचा जीव वरखाली होत होता, पण मी सांगितलं की हे पैसे शिकण्यासाठीच जमवलेस ना, जेवण हा अभ्यासक्रमाचाच भाग आहे. मार्चमध्ये शिष्यवृत्ती खात्यात आली, तोवर त्या पाकिटाने वेळ निभावली.

तिसरं म्हणजे, गणिताच्या सरांना ती जाऊन भेटली. तिला वाटायचं, एवढ्या मोठ्या विद्यापीठात कोण ओळखणार? लहान गावातून आलेल्या मुलांची ही मोठी अडचण असते. गावात सर रस्त्यात भेटतात, घरी निरोप देतात. इथे आपण दिसलो नाही तर कुणी विचारायला येत नाही, म्हणून आपणच जाऊन दिसावं लागतं. सरांनी पहिल्या सत्राचे कुठले धडे आधी पक्के करायचे ते लिहून दिलं, आणि तिसऱ्या वर्षातली एक मराठी मुलगी गाठून दिली. दोघी संध्याकाळी हंसा मेहता ग्रंथालयात बसायच्या. प्रमेय इंग्रजीत वाचायचं, एकमेकींना मराठीत सांगायचं आणि पुन्हा इंग्रजीत लिहायचं.

आणि चौथं, लाल वहीत एक रकाना वाढवला. तारीख, तपशील, रक्कम आणि तास. वर्गात किती, प्रयोगशाळेत किती, ग्रंथालयात किती. रविवारी मी आता रकमेच्या आधी तासांवर नजर टाकते. आपल्या मुलांची क्रेडिटं जमा करायला सरकारने 'अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स' काढली आहे. बँकवाली म्हणून मला त्याचं फार कौतुक वाटलं होतं. पण कुठल्याही बँकेत जमा होण्याआधी ते कुणीतरी कमवावं लागतं, आणि इथे ते तासांनीच कमावलं जातं.

उन्हाळ्यात निकाल लागला. गणित सुटलं. दोन्ही सत्रं मिळून ५३ टक्के, वर्षाची हजेरी ७९. फार मोठा पराक्रम नाही, ताई स्वतःच तसं म्हणते. पहिल्या सत्रातले गुण आता तिच्या गुणपत्रकावर कायमचे राहतील. चार वर्षांच्या अभ्यासक्रमात शेवटचं वर्ष संशोधनाचं घ्यायचं, तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात. तिला ते हवं आहे, आणि उरलेल्या चार सत्रांत तिथवर पोचणं फार अवघड आहे. हे नुकसान झालं आहे आणि ते भरून निघेलच असं मी म्हणणार नाही. शिष्यवृत्तीच्या नूतनीकरणाचा अर्ज भरला आहे, संस्थेच्या पातळीवरची पडताळणी झाली आहे, पैसे अजून यायचे आहेत. वसतिगृहाचा अर्ज या वेळी पहिल्याच दिवशी भरला. नाव लागलं. जुलैपासून ती तिथे राहते आणि खोलीचा आकडा निम्म्याहून खाली आला आहे.

आपल्यापैकी ज्यांच्या घरी पुढच्या जूनमध्ये कुणी भाचा, पुतणी, नात परगावाहून शिकायला येणार असेल, त्यांना माझं एवढंच सांगणं आहे. फीचा आकडा विचारा, पण तिथे थांबू नका. दहा महिन्यांचा पूर्ण खर्च मुलासमोर बसून मांडा, तूट किती ते त्याला खरं सांगा, आणि ती कशी भरायची हे मोठ्यांनी ठरवा. वसतिगृहाचा अर्ज प्रवेशाच्या अर्जाबरोबरच बघा. शिष्यवृत्ती मिळाली, तर ती चालू राहायच्या अटी कागदावर लिहून भिंतीला चिकटवा. आणि मूल फारच कमी खर्चात राहू लागलं, तर कौतुक करायच्या आधी विचारा, "जेवलास का?" माझ्या पुतण्याला हा प्रश्न शहाद्यात बसून सुचला. समोर बसून वही तपासणाऱ्या मला पाच महिन्यांत सुचला नाही.

आत्ता हे लिहितेय तेव्हा ताई ओट्यावर आहे. त्या दोन मुलांना अपूर्णांक शिकवतेय. धाकटा विचारतोय, छेद मोठा झाला की वाटा लहान कसा होतो. ती त्याला भाकरीचं उदाहरण देतेय. आज दोन्ही वेळचं जेवण इथेच आहे. सकाळी भरली वांगी झाली, रात्री खिचडी-कढी.

तर नोंद अशी. दिवाळी अंकात याच सदरात परगावच्या विद्यार्थिनीचा मासिक खर्च ६,१०० रुपये असा दिला होता, तो ८,६०० रुपये असा वाचावा. फरक २,५००. चूक लिहून घेणारीची, सदर लेखिकेची.

सही केली आहे. पुढच्या महिन्यात भेटूच.